विमानाचा पत्रा

आमच्या घराण्यात एक हुतात्मा होता. तो मी एका रविवारी सकाळी घालवला.

महायुद्धात उरणजवळच्या खाडीत पडलेलं एक बॉम्बफेकी विमान गाळातून काढून, धुऊनपुसून संग्रहालयात ठेवलंय. शेजारी पितळी पाटी, तिच्यावर मेलेल्या दोन गोऱ्या वैमानिकांची नावं. आणि त्याच विमानापाशी बुडून मेलेले माझे पणजोबा? त्यांचं नाव कुठेच नाही! गोरा मेला की पितळ, आगरी मेला की गाळ. (हे माझ्या पत्रकातलं वाक्य. पत्रकात 'शूर' हा शब्द चार वेळा होता. आजोबांना विचारायचं तेवढं राहिलं; छपाईची घाई होती.)

आई-बाबा आणि पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा, सगळ्यांना नेरूळहून रिक्षात कोंबून नेलं आणि विमानाच्या पंखाखाली ठिय्या दिला. संग्रहालयाच्या मॅडम आल्या.

"पणजोबा गेले कसे?"

"वैमानिकांना वाचवताना," मी ठणकावलं. "विचारा यांना. सख्खा मुलगा आहे."

आजोबांनी विमान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाचवाला कोनाला? गोरे कवाच मेलते. बाप पत्रा चोराला गेलता."

"अण्णा, गप बसा ना," बाबा कुजबुजले.

"का गप? आये सांगायची. छप्पर गळत होता. ओहोटीला गेला, पत्रा कापला. पाय गाळात रुतला, भरती आली. दुसऱ्या ओहोटीला गावला. हातातला पत्रा सुटंना. मंग त्याच पत्र्यावर घालून घरी आनला."

मॅडमनी हळूच विचारलं, "तो पत्रा आता कुठंय?"

"हिच्या बाल्कनीत." आजोबांनी आईकडे बोट केलं.

आई ठिय्यातून उठूनच उभी राहिली. "अण्णा, त्याच्यावर मी दरसाल पापड वाळवते."

"म्हून तर मी खात नाय."

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची माणसं पत्रा न्यायला आली. आजोबा दारात खुर्ची टाकून बसले. "बापाचा नाव लिवा, मंग न्या. पन खरा लिवा."

"आजोबा, चोर म्हणतील," मी म्हटलं.

"म्हनू दे. सोताच्या घरासाठी पत्रा काढला. दुसऱ्याच्या घरावर बॉम्ब नाय टाकला."

आता पत्रा विमानाशेजारी आहे. खाली आजोबांनी सांगितलं तसंच लिहिलंय: 'हा पत्रा काढून नेताना हिरू पोशा भरतीत बुडून मरण पावले.'

माझ्या पत्रकात खरी गोष्ट एकच निघाली, तळाशी छापलेला माझा मोबाइल नंबर. त्यावर आजवर एक फोन आलाय. छापखान्यातून. उरलेला गठ्ठा कधी उचलताय, विचारत होते.