पुलाखालची होडी

विम्याच्या दाव्यांची छाननी करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे संशय घेणं हा स्वभावच झालाय. जयपूरला बदली झाल्यावर अण्णा, माझे वडील, मालवणहून माझ्याकडे आदर्श नगरला राहायला आले. हळूहळू मी त्यांच्यावरही संशय घ्यायला लागले. ते खाडीच्या गोष्टी सांगायचे: मोठी होडी बुटक्या पुलाखालून आम्ही अशी काढायचो, तशी काढायचो. पण अण्णा जन्मभर पोस्टात होते. होडी हाकणारे तांडेल होते ते त्यांचे थोरले भाऊ. भावाचं आयुष्य अण्णा आपलं म्हणून सांगायला लागलेत, म्हातारपणी डोक्यात सरमिसळ होतेय, अशी मला धास्ती होती. डॉक्टरकडे न्यायचं का, एवढंच मनात घोळत होतं.

आमच्या मंडळाच्या गणपतीचं विसर्जन शहराबाहेरच्या एका रिसॉर्टच्या तळ्यात होतं. पुढच्या तळ्यातून मागच्या खोल तळ्यात जायला अरुंद कालवा आहे, त्यावर दगडी पूल. मंडळाच्या सेक्रेटरींनी रिकामी होडी आदल्या दिवशी पुलाखालून नेऊन पाहिली होती. नंतर उत्साहाच्या भरात तिच्यावर मखर चढवलं आणि चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या सुताराकडून आणलेला लाकडी कळस वर ठोकून बसवला. उत्तरपूजा झाली, मूर्ती होडीत ठेवली, आणि कळस पुलाला चार बोटांसाठी अडला.

मूर्ती परत मांडवात न्यायची नाही, कळस तोडायला कुणी धजेना. तळ्यातलं पाणी थोडं सोडून पातळी उतरवा म्हटलं, तर रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला पाण्याचा दरवाजा जाम आहे. तो खोटं बोलतोय अशी माझी खात्री होती.

तेवढ्यात काठावरून अण्णा म्हणाले, "माणसां भरा. होडी खाली बसतली."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. होडी बुडाली, अण्णांचं हसं झालं, तर?

"अण्णा, हे थोरले काका करायचे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "तुम्ही पोस्टात होतात."

ते सेक्रेटरींच्या खांद्याला धरून होडीत उतरले आणि मूर्तीसमोर तळाशी मांडी घालून बसले. कालव्यात पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून एकेक जण मागोमाग होडीत उतरला. होडीतल्याच काहींनी दोन्ही बाजूंनी बांबू लावून ती मधोमध धरली. ती खाली बसत होती, पण कळस अजून बोटभर वर होता. काठावर मी एकटीच उरले होते. अण्णांनी सरकून शेजारी जागा केली. होडी बुडणार असं मनाशी म्हणतच मी त्यांना चिकटून बसले.

बांबूवाल्यांनी रेटा दिला. होडी हलली.

अण्णा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "तांडेल दादाच होतो, बाय. पूल इलो की तो माका तळाक बसवी; मी तेच्या होडयेतलां वजन होतंय."

मी वळून त्यांच्याकडे बघणार, तर त्यांनी माझं डोकं हातानं खाली दाबलं. पूल आला होता. पलीकडे उजेडात येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.