दुखऱ्या बाजूची खुर्ची

शेजारचे काका नसते तर आज माझी मान वळली नसती, हे आधी सांगतो. बाकी सगळं नंतर. काका एसटीतून रिटायर झालेले. गेवराईत माझ्या खोलीला लागूनच त्यांचं घर. कुणाशीही बोलायचं तर आधी "इकडं बघ बे" म्हणायचे. स्वतः मात्र बघताना खांद्यासकट वळायचे, लोखंडी कपाट सरकवावं तसे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, काय हा ताठा.

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सुटली, गाडी शिकलो आणि एका बियाणेवाल्या शेठची गाडी चालवायला इतक्या लांब आलो. एक दिवस बायपासला उसाच्या ट्रॅक्टरमागे थांबलो होतो, तर मागून पिकअप आदळली. मान मागे गेली, पुढे आली, संपलं. रक्त नाही, ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मानेचं लाकूड झालेलं.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत आहे, दोन-तीन दिवस मानेला पट्टा लावा, मग काढून मान हळूहळू हलवायला लागा, असं म्हणाले. मी पट्टा तेवढा ऐकला. न दिसणारं दुखणं कोण खरं मानतो? पट्टा दिसला की लोक खुर्ची देतात. शेठ म्हणाले, महिनाअखेरीला गाडीवर ये, नाहीतर दुसरा माणूस बघतो. त्या काळजीनं मान आणखी आखडायची. मोबाईलवर मानेच्या दुखण्याचं बघत पडलो की वाटायचं, आता हातपायही जाणार.

तिसऱ्या आठवड्यात काका खुर्ची घेऊन आले आणि नेमके माझ्या दुखऱ्या, उजव्या बाजूला बसले.

"इकडं बघ बे."

"दुखतंय काका."

"दुखू दे जरा. तुटलं तर न्हाई ना? डाक्टरच म्हणला ना?"

मी तोंड न वळवता बोललो तर उत्तरच द्यायचे नाहीत. रोज हाच छळ. चहासुद्धा उजवीकडेच ठेवायचे. पट्टा धुवायला म्हणून नेला तो परत येईना. विचारलं की म्हणायचे, "ओला हाय अजून." गेवराईच्या उन्हात, चार दिवस.

एकदा काकांबरोबर दाढीला गेलो, तर कटिंगवाला म्हणाला, मान कडकन मोडून मोकळी करतो. काकांनी मला अर्ध्या दाढीनिशी उठवलं. "मान हाय बे ही, नळाची तोटी न्हाई." हळू, पण रोज, हा त्यांचा कायदा. शेवटी मी भडकलो. म्हणालो, तुम्हाला काय कळणार दुसऱ्याच्या मानेचं?

काका सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले.

"माझ्या एसटीवर मागून ट्रक बसलता. सहा महिने पट्टा घातला. लई जपली मान, तशीच राहिली. डावा आरसा दिसंना, मग स्टेरिंग सुटलं." चहा ओतत म्हणाले, "मला कुणी काढ म्हणलंच न्हाई बे."

त्यानंतर मी त्यांना कधी उलट बोललो नाही. बरं, बोललो, पण वळून बोललो.

महिनाअखेरीला शेठच्या दारात गाडी मागे घ्यायची होती. काकांनी आधी सीटवरची डोक्याची उशी माझ्या डोक्याच्या उंचीला वर ओढली, ती मी कायम खाली दाबून ठेवायचो. मग मागे जाऊन उभे राहिले. मी उजवीकडून वळून बघितलं. दुखलं, पण काका दिसले. त्यांनी नुसता हात हलवला, येऊ दे.

मागच्या उन्हाळ्यात ते लेकीकडे नाशिकला गेले, कायमचे. स्टँडवर त्यांची एसटी हलली तसा मी हात केला. मग लक्षात आलं, त्यांना मागे बघता येत नाही. मी पळत पुढे गेलो आणि गेटशी उभा राहिलो. खिडकीतून मी दिसलो तसे त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकायची गरज नव्हती.

काका, एक दिवस स्वतःची गाडी घेईन. तुम्हाला पुढे बसवून आमच्या समुद्राकडे नेईन. डावीकडे काय, उजवीकडे काय, सगळं मी सांगत जाईन. तुम्ही फक्त समोर बघायचं.