रेवती साउंड शिकायला कुठे गेली

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर रेवती राहते. वडील अविनाश केंद्र सरकारच्या नोकरीत, आई वृंदा शाळेत गणित शिकवते. रेवतीला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नवीन माणूस भेटला की तो बराच वेळ त्याच एका गोष्टीभोवती घुटमळत राहतो आणि रेवतीला कंटाळा येतो.

ती गाणं शिकली, पण गाण्यापेक्षा ते ऐकू कसं येतं यात तिचं जास्त लक्ष. ती अकरावीत असताना आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात माइक सारखा शिट्टी मारत होता. साउंडवाला घामाघूम. पहिल्या रांगेतून रेवती उठली आणि त्याला म्हणाली, "भैया, डावा स्पीकर माइककडे तोंड करून आहे, तो आधी फिरवा." त्याने फिरवला आणि शिट्टी थांबली. मध्यंतरात मी तिला म्हटलं, "देवाने कान मात्र छान दिलेत हो तुला." ती शांतपणे म्हणाली, "देवाने नाही, काकू. मी चार वर्षं रोज दोन तास आवाज ओळखत बसते." तेव्हापासून मी जपून बोलते.

बारावीनंतर तिने घरी सांगितलं की ऑडिओ इंजिनिअरिंग करायचं.

"बी.ए. कर, बँकेची परीक्षा दे," अविनाश म्हणाले. "आवाजाचं काम हौस म्हणून कर ना, कोण नाही म्हणतंय?"

"हौस नाही, बाबा. मला त्यावर पोट भरायचंय."

दोन आठवडे घरात हाच विषय होता. शेवटी असं ठरलं की बापलेकीने मिळून संस्था बघायच्या, आणि दोघांना पटेल तिथेच प्रवेश घ्यायचा.

आधी गुरुग्रामचं मोठं विद्यापीठ झालं. काचेची इमारत, रांगेने स्टुडिओ. प्रवेशाचं बघणारी बाई सगळा वेळ अविनाशांशी बोलत होती. "सर, बेटी को म्यूज़िक थ्योरी में डाल दीजिए, टेक्निकल साइड मुश्किल होगी." रेवती शेजारीच बसली होती. बाहेर आल्यावर अविनाश कॅम्पसचं कौतुक करत होते. तिने पुढच्या संस्थेचा पत्ता विचारला.

द्वारकेच्या संस्थेत उलटा प्रकार. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बिल्कुल, कोई प्रॉब्लम नहीं." रेवतीने पाच मिनिटं मशीनवर बसू द्या म्हटलं, तेव्हा मात्र ते म्हणाले की ते अॅडमिशननंतर.

तिसरी संस्था नोएडात, एका इमारतीच्या तळघरात. जेमतेम तीन खोल्या. चालवणाऱ्या इंदुमती मॅडम वीस वर्षं सिनेमाच्या शूटिंगवर आवाज रेकॉर्ड करत होत्या. रेवतीचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मैंने आज तक किसी ब्लाइंड स्टूडेंट को नहीं पढ़ाया. सच कहूँ तो मुझे नहीं पता कैसे होगा."

अविनाशांनी निघायला म्हणून पिशवी उचलली. मॅडमनी विचारलं, "तुम काम कैसे करती हो? दिखाओ."

रेवतीने लॅपटॉप उघडला. त्यातलं सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा शब्द न् शब्द वाचून दाखवतं, तेही इतक्या वेगाने की मॅडमना काही कळेना. "थोडा धीरे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एका नटाचा संवाद दिला. मागे पंख्याची घरघर होती. रेवतीने पंधरा मिनिटांत ती काढून टाकली. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं.

"पंखा गया. लेकिन आदमी की छाती भी चली गई. ज़्यादा काट दिया तुमने."

रेवतीने पुन्हा केलं. या वेळी आवाज भरदार राहिला. मुख्य मशीन मात्र टचस्क्रीनचं होतं, तिच्यासाठी ती नुसती गुळगुळीत काच. मॅडमनी आतून एक जुनं मशीन काढून आणलं. त्याला खरी बटणं आणि सरकवायच्या पट्ट्या होत्या. "इससे शुरू करेंगे. बाकी साथ में ढूँढेंगे."

घरी आल्यावर अविनाश म्हणाले, "नाव नाही, कॅम्पस नाही. तळघर आहे यार ते."

"बाबा, इतक्या लोकांत माझी चूक फक्त त्यांनी काढली," रेवती म्हणाली. "बाकीच्यांना मी काम करून दाखवेन असं वाटलंच नव्हतं. मला तिथेच शिकायचंय."

वृंदा इतका वेळ वह्या तपासत होती. ती म्हणाली, "मी माझ्या वर्गात ज्याच्याकडून काही होईल असं वाटतं, त्याच्याच मागे लागते. जाऊ दे तिला." अविनाशांनी एक अट घातली, पत्राद्वारे बी.ए.ही करायचं. रेवती लगेच हो म्हणाली. मग त्यांनी तीन दिवस रजा टाकली आणि तिच्याबरोबर मेट्रोने नोएडाला गेले. तिसऱ्या दिवशी ते दहा पावलं मागून चालत होते. चौथ्या दिवशी ते ऑफिसला गेले आणि ती एकटी गेली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या परीक्षेत छापील आलेख बघून आवाजातला दोष ओळखायचा होता. त्या भागात रेवतीला शून्य मिळालं.  मग तिने मॅडमना लेखी कळवलं की दोष कानाने ओळखता येतो की नाही तेच तपासा. मॅडमना ते पटलं. पुढच्या परीक्षेत आलेख काढून टाकला, आणि सगळ्यांनाच ऐकून उत्तरं द्यावी लागली. वर्गात बरीच कुरकुर झाली. रेवती पहिली आली.

तीन वर्षांनी तिला नोएडातल्याच एका डबिंग स्टुडिओत नोकरी लागली. संवाद स्वच्छ करायचे, तोंडाच्या हालचालीशी जुळवायचे. जुळवण्याच्या कामात तिला दुसऱ्याचे डोळे लागतात, ते ती सरळ सांगते. शेजारी बसणारी अनुष्का ते बघते, आणि बदल्यात अनुष्काच्या फायली रेवती ऐकून देते.

गेल्या महिन्यात स्टुडिओने आठ भागांच्या एका मालिकेचे सगळे संवाद तिच्याकडे सोपवले. लिफ्टमध्ये भेटली तेव्हा मी अभिनंदन केलं.

"थँक यू, काकू," ती म्हणाली. "पण त्यातल्या हिरोचे बोलताना दात वाजतात. एक आठवडा त्यातच जाणार."