काचेवरचं कुंकू

मशीनच्या पोटात बसणाऱ्या छोट्या डब्यांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणं हे माझं काम. तुमच्या फोनमधली सिस्टिम दहा कामं अंगावर घेते आणि एखादं चुकलं तर फार तर गाणं अडकतं. माझ्या सिस्टिमला एकच काम. द्राक्षांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापणाऱ्या प्रेससमोर सेन्सरच्या उजेडाचा पडदा असतो. त्यात बोट जरी गेलं तरी पातं जागच्या जागी थांबवायचं. तिथे उशिराला माफी नाही. तिला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळगावहून खोक्यांच्या कारखान्याच्या शेठचा फोन आला. "मॅडम, तुमचं मशीन हँग झालंय. हलतच नाही."

"खंडेनवमीची पूजा केली होती ना? सेन्सरच्या काचेवर कुंकू आहे का बघा."

होतं, चांगलं फासलेलं. आत कोणाचा तरी हात आहे असं समजून मशीन अडून बसलं होतं आणि ते योग्यच होतं. "पुसून टाका," मी म्हणाले. "बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. तरी मला राहवेना. मी गाडी काढली.

गेटातून आत शिरते तोच किंकाळी ऐकू आली. ऑपरेटर सटाण्याकडचा, मला ताई म्हणणारा. त्याचा उजवा हात पात्याखाली होता आणि पुठ्ठ्यांवर रक्त उडालं होतं. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो माझ्याकडे बघून विचारत होता, "ताई, मन्हा हात शे ना? शे ना?" मी ओढणीने त्याचा दंड आवळला आणि आहे म्हणाले. नव्हता.

टेम्पो त्याला घेऊन गेला आणि शेठने लोखंडी रॉड उचलून माझा डबा फोडला. "या डबड्यानं खाल्लं त्याला!" झालं, कामगार माझ्यावर धावले. "हिनंच बनवलंय ते!" एकाने केस धरून मला भिंतीवर आपटलं. तोंडात रक्त आलं. तेवढ्यात फुटक्या डब्यातून लोंबणाऱ्या सेन्सरच्या वायरी दिसल्या. दोन्ही एकमेकींना पिळून जोडलेल्या, आणि काचेवर कुंकू तसंच. मी ओरडले, "सेन्सर बंद करून मशीन चालवलंय, हे बघा!"

सगळे शेठकडे वळले. त्याचाच रॉड त्याच्या पाठीत बसला, मग बरगड्यांत. तो लोळत होता आणि मला बरं वाटत होतं. खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

दुपारी नाशिकच्या हॉस्पिटलात ऑपरेटर शुद्धीवर आला. मनगटाच्या जागी बँडेजचा गोळा होता. मी शेठला शिव्या घातल्या, तसा ऑपरेटर नाही नाही म्हणत मान हलवायला लागला.

"शेठनी सांगं व्हतं, पुशी टाक. पन पूजानं कुक्कू कसं पुसू, ताई? लक्ष्मी जाई. मीच वायर जोडी."

शेजारच्या खोलीतून शेठचं कण्हणं ऐकू येत होतं. बाहेर त्याची वाट बघत कामगार काठ्या घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोर गेले आणि शेठने काही केलेलं नाही, असं सांगितलं.

"किती दिले त्यानं तुला?" म्हणत पुढच्याने माझ्या कानफटात मारली, आणि मला ढकलून सगळे आत घुसले.