रिकामे सोडलेले गोल

तिला सगळे ताई म्हणायचे. तिच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा दुकानाच्या पायरीशी उभ्या राहून, "ताई, एवढं कोपराचं बघता का?" म्हणत स्वेटर पुढे करायच्या. घरात ती थोरली, म्हणून घरात ताई. ती हाक गिऱ्हाइकांनी उचलली आणि तिशीच्या आतच ती साऱ्या गल्लीची ताई होऊन बसली.

तिचं काम रफूचं. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली लोकांना ते माहीत नसतं. ठिगळ कुणीही लावतं. रफूला त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून काढायचे, आणि भोकाच्या कडेपासून एक उभा, एक आडवा असे भरत न्यायचे. मालकाने कापड उजेडात धरून शोधलं तरी भोक कुठे होतं ते त्याला सापडता कामा नये. ताईचं काम असं असायचं की पुष्कळदा गिऱ्हाईक विचारायचं, हाच का माझा कोट?

दुकान जिन्याखाली होतं. छत जिन्याबरोबर तिरपं उतरत गेलेलं, त्यामुळे उंच माणूस आत आला की पहिलं त्याचं कपाळ आपटायचं आणि मग तो कामाचं बोलायचा. खिडकी एकच. त्या खिडकीत बाबांची खुर्ची. बाबा मूळचे रफूगार, ताईला सुई धरायला शिकवलं ते त्यांनीच. पण बाबांची नजर गेली होती. समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं, चेहरा नाही. वर्षानुवर्षं त्यांनी रस्त्यावरचे तयार चष्मे वापरले. दिसेनासं झालं की थोडा जाड चष्मा घ्यायचा, हा त्यांचा उपाय. अखेर डॉक्टरांकडे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले की हा काचबिंदू, कुणी वेळेवर डोळे तपासले असते तर थोपवता आला असता, आता गेलेलं परत येत नाही. ताई तेव्हा बारावी झाली होती, शास्त्र शाखेतून, चांगल्या गुणांनी. निकालाचा कागद कपाटात ठेवला आणि ती जिन्याखाली येऊन बसली. यात त्याग वगैरे काही नव्हतं. घरात सुई येणारी दुसरी व्यक्ती नव्हती, एवढंच. आई शिवणाला हात लावायची तर बटणसुद्धा उलटं बसायचं.

धाकटी बहीण मात्र कॉलेजात गेली, शिकली, कचेरीत लागली. आणि लागल्यावर वर्षभरात एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "आता तुझी पाळी."

सरकारी कॉलेजात डोळे तपासण्याचा अभ्यासक्रम होता. डॉक्टरकीचा नव्हे. नजर मोजायची, चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्याचा दाब बघायचा, काही वेडंवाकडं दिसलं तर डॉक्टरांकडे धाडायचं, असं काम. प्रवेश साऱ्या राज्याच्या एकाच परीक्षेवर. आणि वयाची अट अशी की ताईला ही परीक्षा यंदा देता येत होती, पुढच्या वर्षी नाही. धाकटीने हे सगळं आधी शोधून ठेवलं होतं आणि मगच तोंड उघडलं होतं. ताईने विचार करायला मुदत मागितली नाही. बसून करायचं, बारीक, आणि गिऱ्हाईक समोर, म्हणजे माझंच काम की, असं म्हणाली. खरं कारण खिडकीतल्या खुर्चीत बसलं होतं. ते तिने काढलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

क्लास एका टायरच्या दुकानाच्या वर होता. रबराच्या वासात रसायनशास्त्र शिकायचं. बाकांवर सगळी अठरा वर्षांची पोरं. पहिल्याच दिवशी एकाने सरकून जागा दिली आणि म्हणाला, बसा मावशी. "ताई म्हण," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीला सुटलेला धागा दिसला तो दातांनी तोडून दिला. त्यानंतर कुणी मावशी म्हटलं नाही.

अभ्यास मात्र सोपा नव्हता. दहा-अकरा वर्षं डोक्याला फक्त कापड माहीत होतं. पुस्तक उघडलं की सगळं ओळखीचं वाटायचं आणि मिटलं की काही आठवायचं नाही. दिवसाचा चांगला उजेड कामाला जायचा, आणि पुस्तक वाचायची ती दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे छत डोक्याला लागायचं. बाबांना ते पानांच्या आवाजावरून कळलं. दुसऱ्या दिवशी ताई आली तर बाबांची खुर्ची दाराशी गेलेली. ती म्हणाली, तिथे वारं लागेल. बाबा म्हणाले की इतकी वर्षं मी ती खिडकी नुसती अडवून बसलो होतो, मला काय उजेड नि काय अंधार. हे त्यांनी अगदी गमतीत सांगितलं, आणि ताईने पुस्तक खिडकीत नेलं.

ती रोज बसली. गिऱ्हाईक गेलं की पान, गिऱ्हाईक आलं की सुई. हाडांची नावं तिने धागे उपसता उपसता पाठ केली. भौतिकशास्त्राची गणितं डोक्यावरून जायची ती तिने धाकटीकडून पुनःपुन्हा करून घेतली, धाकटी वैतागेपर्यंत आणि वैतागल्यावरही. हळूहळू तिला येऊ लागलं. आणि सराव परीक्षा सुरू झाल्या तेव्हा खरी पंचाईत झाली.

त्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली, आणि उत्तरपत्रिकेवर चार-चार गोलांच्या ओळी. बरोबर वाटेल तो गोल भरायचा. बरोबर असेल तर गुण, चूक असेल तर मिळालेल्यातून वजा, आणि ओळ रिकामी सोडली तर ना फायदा ना तोटा. सरांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ताईने ऐकलंही होतं. पण तिची उत्तरपत्रिका आली की एकही ओळ रिकामी नसायची. येत असलेले प्रश्न ती बरोबर सोडवायची, आणि न येणाऱ्यांवर अंदाजाने गोल भरून सगळं घालवून बसायची.

सर जिभेचे तिखट होते. म्हणाले, तुम्हाला जे येतं ते तुम्हाला न येणाऱ्याने खाल्लं. ताईने मान हलवली, कानाला खडा लावला, आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा तेच. वेळ संपत आला की त्या रिकाम्या ओळी तिच्याकडे बघायच्या, हात शिवशिवायचा आणि पेन चालायला लागायचं. पोरं म्हणायची की ताईंच्या पेपरात झुरळाला शिरायला जागा नाही. धाकटी घरी शेजारी बसून पेन हातातून काढून घ्यायची. घरी जमायचं. क्लासला धाकटी नव्हती.

"अगं पण का?" धाकटी एकदा कळवळून म्हणाली. "येत नाही ना? मग सोड की."

ताई म्हणाली, बाबांनी मला शिकवलंय, भोक ठेवून कापड परत द्यायचं नाही. यावर धाकटीने कपाळावर हात मारला. पण ताई थट्टा करत नव्हती. बाबा बाजूला झाल्यापासून तिने एकाही गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. जे येईल ते घेतलं, रात्र झाली तरी भरून दिलं. बापाचं नाव राखायचं तर तसंच करायला हवं, असं तिने धरलं होतं.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा एक माणूस दुकानात कोट घेऊन आला. कपाळ आपटून घेतलं आणि म्हणाला, वडिलांचा आहे, मला घालायचाय. लोकरीचा, एके काळचा उंची कोट, पण पाठीला कसर लागलेली. ताईने खिडकीत धरला. चाळणीसारखा उजेड आला. तरी ती म्हणाली, होईल.

"इकडे आण," दारातून बाबा म्हणाले.

त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि बोटं फिरवली. भोकांवर नाही, भोकांच्या मधल्या कापडावर. मग आतली दुमड चाचपली, एक धागा ओढला. तो हातात तुटला. कोट घडी करून त्यांनी त्या माणसाच्या दिशेने धरला आणि म्हणाले, हा कपाटात ठेवा, घालू नका. माणूस अजिजीला आला, वेळ लागला तरी चालेल म्हणाला, मग चिडला, आणि तुमची मुलगी हो म्हणते नि तुम्ही नाही म्हणता, असं पुटपुटत निघून गेला.

ताईचा चेहरा पडला होता. ती भडकून म्हणाली, "गिऱ्हाईक परत पाठवायला आपण कोण मोठे लागून गेलो? आणि तुम्हीच शिकवलंत ना, भोक ठेवून द्यायचं नाही म्हणून?"

"ते हातात घेतलेल्या कापडाचं," बाबा म्हणाले. "हातात काय घ्यायचं, ते आधी बघायचं असतं. मी निम्मी गिऱ्हाइकं परत पाठवायचो. तू शाळेत असायचीस, तुला कसं दिसणार?"

ताईने तो तुटलेला धागा उचलून उजेडात धरला. बाबांना तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी पुढे सांगितलं. भोकाकडे काय बघायचं, भोकं सगळी सारखीच. बघायचं ते आजूबाजूचं सूत. ते जिवंत असेल तर टाका धरतो, भोक कितीही मोठं असो. ते मेलेलं असेल आणि तू बाहेरचा धागा आणून घातलास, तर तो धागा चांगल्या कापडाला ओढतो, आणि आज बोटाएवढं असलेलं भोक उद्या मुठीएवढं होतं.

त्या दिवशी ताईने बराच वेळ पुस्तकही उघडलं नाही आणि सुईही धरली नाही. इतकी वर्षं ती ज्याला बापाचा नियम म्हणत होती ती तिची स्वतःची भीती होती. एकाला परत पाठवलं तर दुसरा येणार नाही, ही. आंधळ्या बापाचं दुकान पोरीच्या हातात बुडालं असं कुणी म्हणेल, ही. हे असं स्वतःशी कबूल करायला धैर्य लागतं. ते तिच्याकडे होतं.

पुढच्या सराव परीक्षेत तिने प्रश्न वाचला की गोलांकडे बघितलंच नाही. आधी आजूबाजूचं चाचपलं. या धड्यातलं काही धरून ठेवण्यासारखं आठवतंय का? चारांतली दोन उत्तरं तरी हमखास कापता येतात का? आठवत असेल तर टाका घातला. नुसतंच काहीतरी वाटत असेल, तर ओळ परत. सरांनी तिची उत्तरपत्रिका पाहिली, काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेले, आणि मग मागे येऊन पुन्हा एकदा पाहून गेले. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळच.

खरी परीक्षा एका शाळेत होती. बाक लहान मुलांचे, ताईचे गुडघे वर लागत होते. पेपर अवघड होता. तिने ओळीमागून ओळ भरली आणि ओळीमागून ओळ परत केली. मग भिंगावरचा एक प्रश्न आला. भिंग! बारीक रफूसाठी जन्मभर हातात धरलेली वस्तू, आणि ज्या कॉलेजात जायचं तिथे रोज लागणारी. सूत्र पाठ केलेलं, आणि नेमकं त्याच वेळी ते डोक्यातून पार निघून गेलं. दोन उत्तरं सारखीच खरी वाटत होती, आणि बाकीचीही तितकी खोटी वाटत नव्हती. दुसरा कुठलाही प्रश्न सोडून देता आला असता, हा सोडणं जिवावर आलं.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा वर्गावरच्या बाई तिच्या बाकाशी थांबल्या. मायाळू बाई होत्या. हळूच म्हणाल्या, वेळ आहे अजून, रिकामे राहिलेत ते भरून टाका. ताईचा हात उचलला गेला. पेन भिंगाच्या ओळीवर गेलं. तिने पेन खाली ठेवलं, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि घंटा होईपर्यंत त्यांच्यावर बसून राहिली.

घरी आल्यावर आईने पाणी दिलं, धाकटीने प्रश्नांची सरबत्ती लावली. बाबांनी एकच विचारलं. किती परत केले?

"बरेच. भिंगाचाही एक."

"सूत नव्हतं?"

"नव्हतं."

बाबांनी मान डोलावली आणि विषय संपला.

यादीत तिचं नाव अगदी खाली होतं, पण होतं. अंदाजाने आणखी थोडे गोल भरले असते तर ते यादीबाहेर गेलं असतं, असा हिशोब धाकटीने मांडून दाखवायला घेतला. ताईने तो ऐकला नाही. तिला कॉलेजच्या वेळा दुकानाशी जुळवायच्या होत्या.

त्या जुळल्या. आता कापड बाबा घेतात, दारातच, बोटांनी. निम्मं परत करतात. गल्लीत कुरकुर आहे की पोरगी घ्यायची, बाप घेत नाही. पण जे घेतात ते ताई संध्याकाळी बसून असं करते की कोट ओळखू येत नाही. मग सुई ठेवून खिडकीत पुस्तक उघडते.

परवा बाबांनी दाराशी बसल्या बसल्या विचारलं की आज काय चाललंय. ती म्हणाली, डोळ्याच्या आतला पडदा.

"तोच ना माझा फाटलेला?"

"पडदा नाही बाबा. त्याच्या मागची नस. काचबिंदूत ती वाळते."

"मग? रफू नाही होत?"

ताईने पानावर बोट ठेवलं. मग जसं होतं तसं सांगितलं.

"नाही होत. सूत उरलेलं नाही."

"मग परत कर," बाबा म्हणाले आणि हसले. तिला हसायला थोडा वेळ लागला.