दादाचा पाय आणि तुमचं बिडीचं बंडल

वाचनालयाच्या पायरीवर बसणाऱ्या मंडळींनो, हा कागद मुद्दाम फळ्यावर चिकटवतोय. दुपारीच नगरच्या दवाखान्यातून आलो आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या पायाची दोन बोटं काळी पडून गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. बिडीनं पायातल्या रक्तवाहिन्या बंद झाल्या. आज मी डॉक्टरांना विचारलं, "तिथं नवीन रक्तवाहिन्या नाही का फुटायच्या?"

ते म्हणाले, "परदेशात त्यावर संशोधन चालू आहे. औषध कधी येईल, सांगता येत नाही. तोवर एकच उपाय, बिडी बंद."

खाटेजवळ परतलो तर सरपंच आणि गावातले चौघं, दुष्काळी कामाचा खाडा करून भेटायला आलेले. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, ही आपली रीत. म्हणून यांनी काय न्यावं? बिडीचं बंडल! वर सरपंचांनी स्वतः पेटवून दादाच्या तोंडात दिली आणि मला म्हणाले,

"आवो मास्तर, एका बिडीनं काय हुतंय? मानूस लई कासावीस झालाय."

वा रे माया! तिकडं शास्त्रज्ञ रक्तवाहिनी वाढते कशी ते शोधतायत आणि आपण ती बुजवायला एसटीचं तिकीट काढून जातो.

उरलेलं बंडल मी मोरीत टाकलं, म्हणून सरपंच रुसलेत. खुशाल रुसू द्या.

उद्याही काहीजण निघालेत म्हणे. बंडल कोण नेणार, ते ठरलं असेलच. कुबड्या कोण नेणार?