मागच्या काचेवरचा गोल

गाडीच्या मागच्या काचेवर धूळ दिसली की सरांचं बोट थांबत नसे. आधी एक गोल, मग त्यावर बाण. गोलाच्या एका बाजूला ‘गाड्या’, दुसऱ्या बाजूला ‘माणसं’. आणि वर आम्हालाच प्रश्न, “बाण परत कुठी येते, ते पाहा.”

तुम्ही यवतमाळ-घाटंजी रस्त्यावर जात-येत असाल, तर हा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ढगळ पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन आणि बोटांची टोकं कायम मळलेली. ते यवतमाळला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मी एसटीच्या घाटंजी आगारात वाहक. त्यांच्या शास्त्राचं नाव सिस्टिम डायनॅमिक्स. मला ते दोन वर्षं धड म्हणता आलं नाही. मी ‘सरचं गोलाचं शास्त्र’ म्हणायचो आणि त्यांना ते नाव आवडलं होतं.

शास्त्र त्यांनी मला स्टँडवर चहा पिता पिता समजावलं होतं. “गाडी कमी केली का माणूस काळी-पिवळी जीपनं जाते. माणूस गेलं का गाडी रिकामी दिसते. रिकामी दिसली का साहेब आणखी एक फेरी कापते. पाहा, बाण परत गाडीवरच आला.” पुढच्या पाच-दहा वर्षांत कोणत्या रस्त्यावर काय होईल, हे ते असे गोल कम्प्युटरवर फिरवून पाहायचे. आमच्या वरच्या ऑफिसने त्यांना तालुक्यातल्या सगळ्या फेऱ्यांचं असं चित्र मागितलं. तिकीट मशीनमधली नोंद दिली, सरांनी चित्र काढून दिलं.

त्या चित्रात माझी सकाळची साडेसहाची फेरी रिकामी निघाली. ऑफिसने ती बंद केली.

आता माझं सांगतो. घाटंजीहून आतल्या गावांना जाऊन परत येणाऱ्या त्या फेरीला एका गावाच्या फाट्यावर अकरा मुली चढायच्या, घाटंजीच्या शाळेत जायला. मुलींचा पास फुकट असतो, पण त्याची नोंद मशीनमध्ये करायची असते. आम्ही ती करत नसू. कार्ड पाहायचं, ‘चला, बसा मागं’ म्हणायचं आणि घंटी मारायची. सगळेच वाहक तसं करायचे. गाडीत मुली असायच्या आणि मशीन म्हणायचं, कोणी नाही.

फेरी बंद झाल्यावर आठवड्याभराने सर स्वतः स्कूटरवर त्या फाट्यावर गेले होते. तिथून थेट स्टँडवर आले. मी बाकड्यावर बसलो होतो.

“तिथं पोरी उभ्या हायेत,” ते म्हणाले. “दप्तरं घेऊन. रोज येऊन पाहतात म्हणे, गाडी सुरू झाली का. माह्या चित्रात ह्या पोरी नव्हत्याच. कुठी राहून गेल्या?”

मी खाली मान घालून सांगितलं, “सर, आम्ही पास मशीनमध्ये मारत नाही.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मी तुमच्या गाडीत बसाले पाह्यजे होतं. खुर्चीत बसून गाडी पाह्यली मी.”

ऑफिसला त्यांनी लिहून दिलं की माहिती घेण्यात चूक त्यांचीच झाली, फेरी पुन्हा सुरू करावी. माझं नाव कुठेही नव्हतं. मी तेव्हा गप्प बसलो. नोकरीची भीती होती. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

फेरी सुरू व्हायला पुढचा जून उजाडला. पहिल्या दिवशी फाट्यावर गाडी थांबवली, तर तिथे कोणी नव्हतं. दोघीतिघी मामाच्या गावी शिकायला गेल्या होत्या, बाकीच्यांची शाळा सुटली होती. सगळ्यांत आधी गाडीत चढणारी वैष्णवी आईबरोबर शेतात निंदणाला जाऊ लागली होती.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी गोल काढायला बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. “सवय मोडाले महिना लागते,” म्हणाले. “परत लावाले किती लागते, ते माह्या कम्प्युटरले नाही माहीत.”

मग शनिवारी कॉलेजला सुट्टी असली की ते पहाटे घाटंजीला यायचे आणि माझ्या गाडीत बसायचे. फाट्याचं तिकीट घ्यायचे. मी एकदा म्हटलं, “सर, आकडा वाढवाले तिकीट काढता काय?”

“मी खरंच जाऊन राह्यलो ना? मग खोटं काय त्यात?” आणि हसले.

फाट्यावर उतरून ते घरोघर फिरायचे. वैष्णवीच्या आईने त्यांना दोनदा चहा पाजला आणि दोन्ही वेळा एकच सांगितलं, “पाहू ना सर, दिवाळी होऊन जाऊ द्या.” ते दिवाळीची वाट पाहत होते, लहान मुलांसारखी.

दिवाळीच्या सुट्टीतच त्यांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. मला दोन दिवसांनी स्टँडवर कळलं.

शाळा उघडल्यानंतरचा पहिला शनिवार. फाट्यावर गाडी थांबली. वैष्णवी नव्हती, कोणीच नव्हतं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ऑफिसने त्या फेरीचा आकडा पुन्हा मागवला आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

“काढा ना एक तिकीट सरच्या नावानं,” तो म्हणाला. “कोन पाह्यते?”

माझा अंगठा मशीनवर गेला. अकरा जिवंत मुली मी या मशीनमधून गाळल्या होत्या, आणि आता एक नसलेला माणूस त्यात घालायला निघालो होतो. सरांना काय वाटलं असतं, ते मला विचारावं लागलं नाही.

“थांब दोन मिनिटं,” मी म्हणालो.

दोन मिनिटं आम्ही गावाकडून येणाऱ्या पांदीच्या वाटेकडे पाहत राहिलो. मग मी तिकीट न काढता मशीनवर पुढच्या थांब्याचा टप्पा घेतला आणि घंटी मारली. मागच्या काचेवर धूळ पुष्कळ साचली होती. तिच्यावर कोणी बोट फिरवलेलं नव्हतं.